अण्णांच्या गाडीच्या मुठी

अण्णा घरी पोचायच्या आधी त्यांच्या गाडीचा आवाज घरी पोचायचा. ओढ्यावरचा चढ चढताना ती जरा घरघरायची, वस्तीच्या वळणावर तिचा आवाज बारीक व्हायचा, आणि तो बारीक झाला की आई तव्यावर भाकरी टाकायची. अण्णा गाडी लावून, कमरेचा पट्टा सोडून, रांजणापाशी हातपाय धुऊन आत येईपर्यंत भाकरी टम्म फुगलेली असायची. बाहेर कितीही गोंगाट असला तरी आईचा अंदाज चुकत नसे. आणि त्या दिवसांत आमच्या माण गावात गोंगाटाला काही कमी नव्हतं. शेजारच्या विहारातल्या भोंग्यावरची सकाळची वंदना संपायच्या आत डंपर सुरू व्हायचे, टेकाडाकडं सुरुंग उडाला की मांडणीवरची ताटं किणकिणायची. कंपन्यांसाठी रस्ते होत होते. ज्यांच्या जमिनी होत्या ते खोल्या बांधून भाड्यानं देत होते, आणि त्या प्रत्येक खोलीत वीज लागत होती. ती वीज पोचवणारा माणूस म्हणजे माझे वडील. सगळा गाव त्यांना वायरमन म्हणायचा. आई वायरमनची बायको आणि मी वायरमनची सुनी.

आमचं घर दोन खोल्यांचं, पुढं पत्र्याची पडवी. पडवीतल्या खुंटीला अण्णांचा चामडी पट्टा, रबरी हातमोजे आणि पक्कड असायची. पक्कडीला हात लावायची मुभा फक्त मला होती, कारण मी वस्तू जागच्या जागी ठेवायचे. मी त्यांची एकुलती एक. अण्णांचे हात मला आजही चेहऱ्याआधी आठवतात. काळे, रुंद, नखांच्या कडांना कायम ग्रीस. खांबावर चढताना ते पाय नंतर हलवायचे, आधी हात वर जायचे. भादव्यात शेताच्या बांधावरचे खेकडे घरी आले की आई लसूण-मिरचीचा झणझणीत रस्सा करायची, त्या दिवशी भाताचं पातेलं मोठं लागायचं. आम्ही मायलेकी नांग्या पाट्यावर ठेवून फोडायचो. अण्णा मात्र दोन बोटांत धरून दाबायचे, कट्कन आवाज यायचा, आणि आतला पांढरा गर ते माझ्या भातावर ठेवायचे. मी कॉलेजात जायला लागले तरी हे चालू होतं.

ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी मी बारावीला होते. भात पोटरीला आलं होतं. एका दुपारी अण्णा घरी आले ते पँट गुडघ्यावर फाटलेली, कोपर सोललेलं. मारुंजीच्या वळणावर गाडी घसरली म्हणाले. आईनं हळद भरली. गाडीची मूठ पार गुळगुळीत झाली आहे, रेस देताना हात सरकतो, असं ते दोन-तीनदा बोलले. मी उठून बघितलं. खरंच, उजव्या मुठीचा रबर झिजून चकचकीत झाला होता, वरची नक्षी कधीच गेली होती. त्या संध्याकाळी आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. एवढ्याशा वस्तूवर आई कधी बोलायची नाही, गाडीतलं तिला काही कळायचं नाही. पण त्या दिवशी तीच मागं लागली. उद्याच्या उद्या नव्या मुठी आण, आणि चांगल्यातल्या आण, असं तिनं मला बजावलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर मी हिंजवडीच्या नाक्यावरच्या दुकानातून मुठींची जोडी आणली. दुकानदारानं विचारलं, कोण बसवणार? मी म्हटलं, वडील. कारण अण्णा गाडी कधी गॅरेजला न्यायचे नाहीत. चेन, ब्रेक, प्लग, सगळं पडवीतच, घरीच. मुठी मात्र त्यांनीही कधी बदलल्या नव्हत्या, गाडी घेतल्यापासूनच्याच होत्या. रविवारी सकाळी त्यांनी गाडी दोन पायांच्या स्टँडवर चढवली, म्हणजे चढवायला गेले, आणि ती चढेना तेव्हा मला मागून उचलायला सांगितलं. मग स्वतः बाजेवर बसले आणि म्हणाले, ‘‘आज तूच बसव. मी सांगतो तसं कर.’’

मला काय आनंद झाला. अण्णांनी आपलं काम दुसऱ्याच्या हातात दिल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या हातात दिलं होतं. मी केस वर बांधले, ओढणी कमरेला खोचली. आज मी त्या सकाळीकडं बघते तेव्हा मला बाजेवरचे अण्णा दिसतात. उजवा हात डाव्या हातात धरून मांडीवर ठेवलेला, आणि काय कुठं आहे ते हनुवटीनं दाखवणारे. तेव्हा मला दिसत होती फक्त गाडी.

जुनी डावी मूठ निघता निघेना. अण्णांनी सांगितल्याप्रमाणं मी पेचकस तिच्या कडेखाली घातला, फटीत साबणाचं पाणी सोडलं आणि पिळत पिळत ओढली. ती सुटली तेव्हा मी मागं जाऊन आपटले, आणि चुलीपुढून आई हसली. उजवी तर चिकटूनच बसली होती. ती ब्लेडनं उभी कापायची होती, पण खालच्या प्लास्टिकच्या नळीला ब्लेड लागू द्यायचं नव्हतं, कारण रेस देताना तीच नळी फिरते. मी श्वास धरून कापली. रबराची साल हातात आली. आतून ती अजून नवीकोरी काळी होती आणि तिला जुन्या तेलाचा वास येत होता. दांडा रॉकेलच्या फडक्यानं पुसला, मग कोरड्या फडक्यानं. नंतर मी नवीन मूठ घेतली आणि डाव्या बाजूला चढवली, तर ती चढली आणि गरागरा फिरायलाच लागली. मला वाटलं, दुकानदारानं मोठ्या मापाची दिली. अण्णा हसले. त्यांनी समजावलं की दोन्ही मुठी दिसायला सारख्या असल्या तरी सारख्या नसतात, उजवीचं भोक मोठं, कारण तिला नळीवर बसायचं असतं. मी बदलून घातल्या. आतून साबणाचं पाणी लावलं. अर्ध्यावर जाऊन अडली की थांबायचं नाही, थांबलं की ती तिथंच धरते, असं ते सांगत होते आणि मी दोन्ही पाय रोवून ढकलत होते. उजवी मूठ आतल्या बटणांच्या डब्याला टेकवायची नाही, थोडी फट ठेवायची, नाहीतर रेस सोडली तरी परत येत नाही. मी फट ठेवली. फिरवून सोडली. टक् करून जागेवर आली. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. असं मी किती वेळा केलं कोण जाणे. मग साबणाचं पाणी वाळावं म्हणून गाडी उन्हात ठेवली.

जेवायला सुकटीची चटणी, आंबट वरण आणि भात होता. अण्णांसाठी भाकरीही होती, पण त्यांनी भातच घेतला. हल्ली ते भातच घ्यायचे. आई त्यांच्या ताटात वरण ओतून तो कालवूनही द्यायची. हे सगळं माझ्यासमोरच होत होतं. आठवड्यापूर्वी खेकडे झाले होते, तेव्हा अण्णांच्या ताटात नांग्या अख्ख्याच राहिल्या होत्या आणि पोट भरलंय म्हणून ते उठले होते. तेही मी पाहिलं होतं.

जेवणानंतर त्यांनी पायताण घातलं आणि गाडीपाशी आले. आईही पदराला हात पुसत पडवीत आली. नव्या मुठींवर शंकरपाळ्यांसारखी उठावाची नक्षी होती, रबर जरा चिकट. अण्णा गाडीवर बसले. दोन्ही मुठी धरल्या. मी म्हटलं, अण्णा, घट्ट धरून बघा, सरकतंय का. त्यांनी घट्ट धरल्या. डाव्या हाताच्या शिरा वर आल्या, त्यांचे दात आवळले गेले, कानामागं घाम आला. बराच वेळ ते तसेच होते. मग त्यांनी दोन्ही हात उचलले आणि उलटे करून बघितले. मीही बघितलं. डाव्या तळव्यावर शंकरपाळ्या उमटल्या होत्या, लालबुंद, एकेक मोजून घ्यावी अशा. उजवा तळवा कोरा होता.

अण्णांनी पुन्हा उजव्या हातानं मूठ धरली. अंगठा बाकीच्या बोटांपर्यंत जातच नव्हता. अंगठ्याच्या बुडाशी जो मांसल उंचवटा असतो तो गेला होता, तिथं खळगा पडला होता. मी इतकी जवळ उभी होते की मला कातडीखाली काहीतरी बारीक थरथरताना दिसलं, पाण्यात आळ्या हलाव्यात तसं. त्यांनी रेस पिळली. हात रबरावरून सरकला. मूठ जागची हलली नाही.

‘‘मूठ चांगली बसवलीस,’’ अण्णा म्हणाले. ‘‘म्हंजे हातच हाय.’’

मी आईकडं बघितलं. मला वाटलं होतं ती विचारेल, काय झालं. पण ती पडवीच्या खांबाला धरून उभी होती आणि तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. ती मला म्हणाली, ‘‘दोन म्हैनं झालं, शर्टाच्या गुंड्या मीच लावतीया. मला वाटलं, मुठीचंच असंल. लई वाटलं मला.’’

तेवढ्या बोलण्यात मला त्या घरातले मागचे दोन महिने कळले. दोघांना माहीत होतं, दोघांनी एकमेकांना सांगितलं नव्हतं, आणि मूठ गुळगुळीत झाली आहे हे अण्णांनी म्हटल्याबरोबर आईनं त्या कारणाला का घट्ट धरलं तेही कळलं. रबराची एक वस्तू बदलून भागणार असेल तर कुणाला नको होतं?

आम्ही तिथंच उभे असताना शिवराम काका आले. हे अण्णांचे लहानपणचे सोबती, गावातले जमीनवाले. त्यांनी ओढ्यापलीकडं भाड्याच्या खोल्यांची चाळ बांधली होती, कंपनीतली मुलं राहायची तिथं. काकांचं आमच्याकडं येणं म्हणजे पडवीच्या बाहेरूनच हाक. खोल्यांची लाईट गेली होती, डीपीजवळच्या खांबावर तार सुटून लोंबत होती, पोरं ओरडत होती. वायरमन, तेवढं चढून जोडून द्या, असं ते नेहमीच्या सुरात म्हणाले. रविवार असो, ताप असो, अण्णा अशा वेळी एक शब्द न बोलता पट्टा उचलायचे. आताही ते गाडीवरून उतरले, पडवीत आले, खुंटीवरचा पट्टा त्यांनी काढला. डाव्या हातानं कमरेभोवती घेतला. बक्कल उजव्या हातानं लावायची होती. ती लागेना.

आई पुढं झाली नाही. मीही नाही. आम्ही दोघी त्यांच्या वाटेत उभ्या होतो एवढंच. मला वाटतं, त्या क्षणी अण्णांनी हाताकडं नाही, आमच्याकडं बघून ठरवलं. त्यांनी पट्टा काढला, घडी केली आणि माझ्या हातात दिला. मग काकांना म्हणाले, ‘‘शिवा, हापिसात सांग, दुसरा मानूस धाडा. माझ्याच्यानं आता खांबावर चढनं व्हनार न्हाई.’’

काकांना आधी वाटलं, वायरमन कशावरून तरी रुसला. त्यांनी काही बोलायला तोंड उघडलं, मग त्यांची नजर अण्णांच्या हाताकडं गेली. ते पडवीची पायरी चढून आत आले, बाजेवर बसले आणि आईकडं पाणी मागितलं. आमच्या घरचं पाणी ते त्या दिवशी पहिल्यांदा प्यायले. बराच वेळ दोघं मित्र एका बाजेवर बसून राहिले, भाताबद्दल बोलत होते. दुसरा वायरमन दिवस मावळताना आला आणि तोवर ओढ्यापलीकडची सगळी चाळ बिनविजेची राहिली. अण्णा पडवीतून तिकडंच बघत होते. दिवे लागले तेव्हा ते उठून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

पुढचं मी थोडक्यात सांगते, कारण ते आठवायला अवघड नाही पण लिहायला आहे. पुण्यातल्या मोठ्या दवाखान्यात सुया टोचून, विजेचे झटके देऊन तपासण्या झाल्या. विजेचे झटके म्हटल्यावर अण्णा डॉक्टरांना म्हणाले होते की ह्याची मला सवय आहे. स्नायूंना मेंदूकडून येणारा निरोपच पोचत नाही असा आजार होता. औषध नव्हतं. आता डावा हात जाईल, मग पाय, मग बोलणं, असं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून समजावलं, कारण शिकलेली मीच होते. मी आईला सांगितलं. अण्णांना कुणी सांगितलं नाही, पण ते लाईनवरचे माणूस होते. कुठून कुठपर्यंत पुरवठा बंद होत चालला आहे ते त्यांना आमच्याआधी कळत होतं.

गाडी मी शिकले. विहारामागच्या पटांगणात अण्णा मागं बसायचे आणि क्लच कधी सोडायचा ते माझ्या खांद्यावर डाव्या हातानं थापटून सांगायचे. वायरमनची पोरगी मोटारसायकल चालवते म्हणून लोक बघायचे, काही बोलायचेही. अण्णांनी एकदा मान वळवून बघितलं की गप्प बसायचे. त्यांना कचेरीत बसून करायचं काम मिळालं होतं, तिथं मी त्यांना सोडायचे आणि तशीच कॉलेजला जायचे. माझ्या हाताखाली ती शंकरपाळ्यांची नक्षी असायची. वाटेत अण्णा बोलत राहायचे. हा खांब कुणाच्या बांधात आहे, ह्या तारेवर कोणत्या वर्षी झाड पडलं होतं, ह्या वळणाला वाळू असते. सगळ्या मुळशी भागाचा असा नकाशा त्यांच्या डोक्यात होता आणि तो ते जिभेवर शब्द होते तोवर मला देत होते. हल्ली त्या रस्त्यानं जाताना पंधरा-वीस मजल्यांच्या इमारती आणि कंपन्यांच्या गाड्यांची रांग असते, तारा जमिनीखालून गेल्यात. मला मात्र सिग्नलला थांबल्यावर खांब दिसतात, जे आता नाहीत.

दोन वर्षांत अण्णा गेले. थंडी नुकती पडायला लागली होती. पहाटेची वेळ, आई त्यांना चमच्यानं पेज भरवत होती, आणि ती गिळायची राहिली. विहारातली माणसं पांढऱ्या कपड्यांत आली, शिवराम काका सगळ्यात पुढं खांदा द्यायला होते. तो दिवस मला तुटक आठवतो. त्याच्या आधीच्या वैशाख पौर्णिमेचा दिवस मात्र पूर्ण आठवतो, म्हणून शेवटी तोच सांगते.

पौर्णिमेला विहारात खीर असते. अण्णांना चालता येत नव्हतं, बोलणं फक्त आम्हा दोघींना कळायचं. त्यांनी विहारात जायचा हट्ट धरला, आणि तोही उचलून नाही, गाडीवरून. विहार चार घरांवर होतं. पण त्यांना धरून बसता येत नव्हतं. मग आईनं तिची जुनी मऊ सुती साडी काढली. मी गाडीवर बसले, शेजारच्यांनी अण्णांना मागं बसवलं, आणि आईनं साडीचे दोन फेरे आम्हा दोघांभोवती घेऊन माझ्या पोटावर गाठ मारली, पाठीला मूल बांधतात तसं. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर टेकली. पांढरा सदरा, त्याला निळीचा वास. मी गाडी पहिल्या गिअरवर, माणूस चालतो त्या वेगानं नेली. विहारासमोर थांबले. आतून वंदना ऐकू येत होती, अण्णांचे ओठ माझ्या कानाशी हलत होते, आवाज नव्हता, नुसता श्वास शब्दांच्या जागी येत होता. बायकांनी खीर बाहेर आणून दिली. ती त्यांनी दोन चमचे खाल्ली.

परत आल्यावर आई गाठ सोडायला लागली. ती आवळून बसली होती. तिनं नखानं प्रयत्न केला, मग दातानं. शेजारी मदतीला आले. अण्णा काहीतरी म्हणाले. या वेळी आईलाही कळलं नाही, तिनं माझ्याकडं बघितलं.

‘‘राहू दे म्हनतायत,’’ मी सांगितलं. ‘‘जरा वेळ राहू दे.’’

आईनं गाठीवरचा हात काढला. शेजाऱ्यांना तिनं जायला सांगितलं. ती खाली बसली आणि अण्णांचा पाय गाडीच्या पायरीवरून घसरत होता तो तिनं दोन्ही हातांनी धरला. ऊन उतरलं होतं. बंद इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं, माझ्या पाठीवर अण्णांची छाती वरखाली होत होती. माझे पाय भरून आले होते, पण मी ते जमिनीवर रोवले आणि गाडी सरळ धरून ठेवली.